मूळ पाप आणि माणसाची इच्छा : गैरसमज आणि वस्तुस्थिती

मूळ पाप म्हणजे आदामाच्या गुन्ह्याची शिक्षा नवजात बाळाच्या माथी मारणे, असा समज सर्रास आढळतो. कॅथलिक चर्चने १९९२ मध्ये प्रसिद्ध केलेला धर्मशिक्षणग्रंथ नेमके उलटे सांगतो: हे पाप माणसाने केलेले कृत्य नसून त्याच्या वाट्याला आलेली अवस्था आहे आणि त्यात त्याचा वैयक्तिक दोष नाही. मानवी स्वभाव जखमी झाला आहे, पार नासलेला नाही. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स परंपरेनुसार आदामाकडून वारशाने येते ती मर्त्यता आणि पापाकडचा ओढा. अपराध येत नाही. तरीही हा समज निराधार म्हणता येत नाही, कारण दोषही वारशाने येतो असे संत ऑगस्टिन (३५४–४३०) मानत असे आणि पश्चिमेकडील चर्चवर त्याचीच छाप सर्वांत खोल आहे.

एदेन बागेतले फळ सफरचंद होते, असे उत्पत्तीच्या पुस्तकात कुठेही नाही. ते पाप लैंगिक होते हेही मूळ कथेत नाही; तिथे आहे ती आज्ञा मोडल्याची गोष्ट. मूळ पाप पिढ्यान्‌पिढ्या कसे उतरते हे सांगताना ऑगस्टिनने कामवासनेवर भर दिला, त्यातून हा घोळ बराच वाढला.

ऑगस्टिनने माणसाची इच्छाच नाकारली, हा आणखी एक गैरसमज. मानी पंथीय दुष्टतेचे मूळ एका स्वतंत्र अंधारतत्त्वात शोधत. त्यांना उत्तर देताना त्याने इच्छास्वातंत्र्यावर ग्रंथ लिहिला आणि वाईटाचा उगम माणसाच्या इच्छेत आहे असे ठासून मांडले. ‘कबुलीजबाब’ या आत्मकथनात सोळाव्या वर्षी सवंगड्यांबरोबर केलेली नासपतींची चोरी येते. फळे दिसायला-चवीला यथातथाच होती, घरी त्याहून चांगली होती. बहुतेक तर डुकरांपुढे टाकली. भूक नव्हती, गरज नव्हती, निषिद्ध गोष्ट करण्याचीच गोडी होती. त्याचा पुढचा सारा विचार या किरकोळ चोरीच्या विश्लेषणात बीजरूपाने दिसतो: माणूस आपल्या इच्छेनेच निवडतो, पण ती इच्छाच चुकीच्या गोष्टीवर जडलेली असते आणि ईश्वरी कृपेवाचून ती स्वतःला सरळ करू शकत नाही.

त्याचा प्रतिस्पर्धी पेलागियस हा ब्रिटनमधून रोमला आलेला तपस्वी. त्याला ढिल्या नीतीचा पुरस्कर्ता समजणे चूक आहे. उलट तो कडक होता. देवाने आज्ञा दिली म्हणजे ती पाळण्याची ताकदही दिलीच असणार, आदामाने फक्त वाईट उदाहरण घालून दिले, असे त्याचे म्हणणे. ४१८ च्या कार्थेज परिषदेने ते फेटाळले. मात्र चर्चने ऑगस्टिनचे सगळेच उचलून धरले असेही नाही: ५२९ च्या ऑरेंज परिषदेने कृपेचे प्राधान्य मान्य केले, पण काहींना देवानेच दुष्टतेसाठी नेमले आहे ही कल्पना धिक्कारली.

मार्टिन ल्यूथरने १५२५ मध्ये इरॅस्मसला उत्तर देताना इच्छा गुलाम आहे असे लिहिले. त्यावरून काय खावे, कुठे राहावे हेही माणसाच्या हाती नाही, असा अर्थ काढतात. ल्यूथरचा मुद्दा तारणापुरता होता; रोजच्या व्यवहारातली निवड त्याने माणसाकडेच ठेवली. कॅथलिकांनी त्रेंतच्या परिषदेत १५४७ मध्ये जाहीर केले की आदामाच्या पापानंतर इच्छास्वातंत्र्य दुबळे झाले, नष्ट झाले नाही. प्रोटेस्टंटांमध्येही एकमत नव्हते. जॉन वेस्लीच्या मते कृपा आधीच सर्वांपर्यंत पोचून होकार-नकाराची मोकळीक परत देते.

कॅल्विनपंथीयांच्या ‘संपूर्ण भ्रष्टते’च्या सिद्धान्ताइतका विपर्यास क्वचितच दुसऱ्या कशाचा झाला असेल. प्रत्येक माणूस शक्य तितका दुष्ट असतो, असा त्याचा अर्थ नाही. बुद्धी, भावना, इच्छा यांपैकी काहीच पापापासून अलिप्त राहिलेले नाही, एवढेच तो सांगतो. डॉर्टच्या सभेने (१६१८–१९) माणसात निसर्गदत्त प्रकाशाचा अंश उरला आहे, हेही नोंदवले आहे.

पणजीच्या सुप्रसिद्ध पायऱ्यांच्या चर्चचे फेस्त ८ डिसेंबरला असते. त्यामागची ‘निष्कलंक गर्भसंभवा’ची शिकवण येशूच्या कुमारीजन्माविषयी आहे, असे पुष्कळांना वाटते. तिचा विषय मरिया आहे: आईच्या उदरात आल्या क्षणापासून ती मूळ पापापासून मुक्त राखली गेली, असे पोप नववे पायस यांनी १८५४ मध्ये घोषित केले. प्रोटेस्टंट ही शिकवण मानत नाहीत.