सीबीसीच्या रिपोर्टातलं भविष्य

कोविडनंतर बऱ्याच लॅबच्या सीबीसी (रक्तपेशींच्या मोजणीच्या) रिपोर्टवर ‘एनएलआर’ हा रकाना दिसू लागला. यकृताच्या कर्करोगाचं ऑपरेशन झालेल्या वडिलांचा हा आकडा वाढलाय, तर कितपत घाबरायचं, असं एका वाचकाने विचारलं आहे.

गणित साधं आहे: न्यूट्रोफिल भागिले लिम्फोसाइट, दोन्ही पांढऱ्या पेशी. शांघायच्या फुदान विद्यापीठातल्या डॉक्टरांनी २०१४ साली त्याला प्लेटलेट्सनेही गुणलं. यकृतातली गाठ काढलेल्या १३३ रुग्णांच्या जुन्या नोंदींवरून त्यांनी सीमारेषा आखली, मग आणखी १२३ रुग्णांवर ती पडताळली. रेषेच्या वर असलेल्यांचा कर्करोग लवकर उलटला होता. साध्या रक्ततपासणीतून एवढं कळतंय म्हटल्यावर अशा निर्देशांकांचं पीकच आलं. कुणी सीआरपी घेतला, कुणी अल्ब्युमिन, आणि सीमारेषा जवळपास दर शोधनिबंधात वेगळी!

सीआरपीची जन्मकथा मला फार आवडते. १९३० साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर संस्थेत टिलेट आणि फ्रान्सिस यांना न्यूमोनियाच्या रुग्णांच्या रक्तात एक विचित्र गोष्ट दिसली. न्यूमोकोकस जंतूचा ‘सी’ नावाचा अंश त्यात घातला की साका बसे. रुग्ण बरा झाला की बसत नसे. साका बसवणाऱ्या रक्तातल्या प्रथिनाचं नाव पडलं सी-रिॲक्टिव्ह प्रोटीन, म्हणजेच सीआरपी.  

खरी मेख पुढे आहे. सीआरपी आणि अल्ब्युमिन तयार होतात यकृतातच. म्हणजे ज्या पहारेकऱ्याने शिट्टी वाजवायची, तोच तापाने फणफणलेला! प्लेटलेट्सही यकृताच्या आजारातून सुटत नाहीत. यकृताच्या सिऱ्होसिसमध्ये प्लीहा फुगते आणि प्लेटलेट्स तिथेच अडकून पडतात. रक्तातली संख्या घटते आणि शांघायवाल्यांचा निर्देशांक खाली येतो. यकृत जितकं खराब, तितका आकडा ‘चांगला’ दिसू शकतो. शोधनिबंधांच्या मथळ्यांत हे सापडत नाही.

शिवाय शांघायचे आकडे ऑपरेशनच्या आधीच्या रक्ताचे होते. ऑपरेशननंतर काही दिवस न्यूट्रोफिल चढतातच. जंतुसंसर्गाने चढतात, स्टेरॉइडनेही चढतात. तेव्हा या एका रकान्यावरून वडिलांचं भाकीत करू नका. सर्जनला विचारा: गाठ केवढी होती, सूक्ष्म रक्तवाहिन्यांत शिरली होती का, उरलेलं यकृत कसं आहे, आणि पुढची एएफपी (यकृताच्या कर्करोगासाठीची रक्ततपासणी) व स्कॅन कधी करायचा.