पाहुण्या गुरुजींना कोणता वर्ग द्यायचा?

स्वयंसेवेची वाट : भाग 6

युगांडातल्या खेड्यातल्या प्राथमिक शाळेत परदेशी स्वयंसेवक येऊन दाखल झाला की मुख्याध्यापकांना सगळ्यात आधी हा प्रश्न पडतो. पाहुणा उत्साहात असतो. त्याला लहान मुलांची हौस असते आणि पहिलीचा वर्ग मिळाला तर सोन्याहून पिवळं, असं वाटत असतं. नेमका तोच वर्ग त्याला देता येत नाही.

याचं कारण अभ्यासक्रमातच आहे. 2007 पासून तिथे पहिली ते तिसरी शक्यतो मुलांच्या भाषेतून शिकवतात. कंपालाच्या आसपास लुगांडा, उत्तरेत अचोली, पूर्वेला अतेसो. देशात चाळीसहून अधिक भाषा आहेत. चौथीच्या वर्षी मुलं इंग्रजीकडे वळतात आणि पाचवीपासून सगळे विषय इंग्रजीत. वरच्या टोकाला सातवी. तिला नोव्हेंबरच्या सुरुवातीला इंग्रजी, गणित, विज्ञान आणि सामाजिक शास्त्र अशा चार विषयांची राष्ट्रीय परीक्षा असते आणि त्या निकालावर माध्यमिक शाळा कुठली मिळणार ते ठरतं. म्हणून सातवीचा वर्ग कोणताही शहाणा मुख्याध्यापक महिनाभरासाठी आलेल्या माणसाच्या हाती देत नाही.

उरतात चौथी ते सहावी. यातही चौथीकडे नीट पाहायला हवं. तीन वर्षं लुगांडातून अक्षरं जुळवत आलेलं मूल एकदम इंग्रजी धड्यासमोर येतं, आणि अनेकांचं वाचन तिथेच अडखळतं. सावकाश, स्पष्ट इंग्रजी बोलणारं आणि चार-पाच मुलांना शेजारी घेऊन बसणारं एक जास्तीचं माणूस या वर्गाला खरोखर हवं असतं.

असा वर्ग बाहेरून फार वेगळा दिसत नाही. भिंतीचाच एक पट्टा काळा रंगवून फळा केलेला. तक्ते कागदाचे कमी, उसवून पसरलेल्या रिकाम्या पोत्यांवर रंगाने लिहिलेलेच जास्त, कारण कागद एका पावसाळ्यात जातो आणि पोतं टिकतं. मोजायला काड्या आणि बाटल्यांची बुचं. तिघांच्या बाकावर पाच जण. आवारातल्या झाडाला गाडीच्या चाकाची जुनी रिम टांगलेली, ती लोखंडाने ठोकली की तास संपला. पाहुणा दारात आला की अख्खा वर्ग उभा राहून एका सुरात स्वागत करतो, आणि पुढे प्रश्नांची उत्तरंही त्याच एका सुरात येतात. नव्या माणसाची फसगत इथेच होते. शंभर मुलं एकदम ‘येस’ म्हणाली की सगळ्यांना कळलं असं वाटतं. प्रत्यक्षात पुढच्या दोन बाकांना कळलेलं असतं आणि बाकीचे सूर धरतात. वही हातात घेऊन एकेकाला वाचायला लावलं की चित्र पालटतं. ज्यांनी आपल्याकडे मोठ्या पटाच्या वर्गात शिकवलं आहे त्यांना हे सांगायची गरज नाही.

इतकी मुलं एका वर्गात का? 1997 मध्ये युगांडाने प्राथमिक शिक्षण मोफत केलं. सुरुवातीला दर कुटुंबातल्या चार मुलांची फी माफ झाली. त्या एका वर्षात पटावरची संख्या सुमारे 30 लाखांवरून 50 लाखांच्या पुढे गेली. इतक्या मुलांना एका वर्षात पुरतील एवढ्या इमारती आणि एवढे शिक्षक कोणताच देश उभे करू शकला नसता. ती ओढाताण अजून पुरती मिटलेली नाही. खालच्या वर्गांत शंभराच्या वर मुलं बसलेली सहज दिसतात. त्यात करोना आला. मार्च 2020 मध्ये बंद झालेल्या शाळा पूर्ण उघडल्या त्या 10 जानेवारी 2022 ला. जगात सर्वांत लांबलेल्या शाळाबंदींमध्ये तिची गणना झाली. दरम्यान कित्येक मुलं कामाला लागली, कित्येक मुलींची लग्नं झाली. जी परतली त्यांतली बरीच वयाने वर्गापेक्षा मोठी होती. सहावीत पंधरा वर्षांचा मुलगा दिसला तर नवल वाटून घेऊ नये, आणि त्याला वर्गासमोर वय तर मुळीच विचारू नये.

दुपारनंतर वर्ग मंदावतो. मुलांच्या जेवणाची जबाबदारी तिथल्या 2008 च्या शिक्षण कायद्याने पालकांवर टाकली आहे. आपल्या शालेय पोषण आहारासारखी देशभर सरकारी खर्चाने चालणारी सोय तिथे नाही. पालकांनी मका किंवा पैसे दिले तर शाळेत मक्याची पेज शिजते, किंवा पोशो, म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड, आणि घेवडा. ज्यांच्या घरून काहीच येत नाही ती मुलं संध्याकाळपर्यंत तशीच. वाचनाचा खास तास ठेवायचा तर सकाळी ठेवावा. ही बाब साधी आहे, पण ती ध्यानात न घेता आखलेले कितीतरी उपक्रम दुपारी दोन वाजता मरगळतात.

कधी कधी वर्गात शिक्षकच नसतो. हे पाहून नव्या स्वयंसेवकाचा संताप होतो. 2002-03 च्या सुमारास सहा देशांत अचानक भेटी देऊन केलेली एक पाहणी प्रसिद्ध आहे. तिच्यात युगांडातले 27 टक्के प्राथमिक शिक्षक शाळेत नव्हते, आणि भारतातले 25 टक्के. संताप करण्याआधी हा दुसरा आकडा आठवावा. खेड्यात शिक्षकाला राहायला घर मिळत नाही, पगारात भागत नाही म्हणून शेती किंवा दुकान सांभाळावं लागतं, आजारपणं असतात. स्वयंसेवकाने अशा वेळी वर्ग जरूर सांभाळावा, पण ती कायमची सोय होऊ देऊ नये. पाहुणा आहे म्हणून शिक्षक आला नाही, असं एकदा सुरू झालं की पाहुणा गेल्यावर वर्ग उघडा पडतो. टाचण शिक्षकाने आणि पाहुण्याने मिळून काढावं आणि दोघांनी वर्गात उभं राहावं. नियम एवढा एकच पाळला तरी पुष्कळ साधतं.

मराठी माणसाला तिथे आणखी एक अनुभव येतो. गोऱ्यांना मुलं ‘मुझुंगू’ म्हणतात. भारतीय दिसला की ‘मुयिंडी’. त्या शब्दाला इतिहास आहे. इदी अमीनने 1972 मध्ये आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला आणि नव्वदच्या दशकात त्यांतले काही परतले. भारतीय म्हणजे दुकानदार, ही ओळख अजून पक्की आहे. खेड्यातल्या शाळेत पगार न घेता शिकवायला आलेला मुयिंडी कोड्यात टाकतो. हे कोडं हळूहळू सुटू द्यावं. कोपऱ्यावरच्या टपरीवर चपातीत आम्लेट गुंडाळून ‘रोलेक्स’ नावाने विकतात. ती चपाती भारतीयांबरोबरच तिथे पोचली. गप्पांना सुरुवात करायला ती पुरते.

छडीचा विषय अवघड आहे. 2016 च्या कायद्याने युगांडातल्या शाळांत शारीरिक शिक्षेला बंदी आहे, तरी छडी दिसते. मुलांसमोर शिक्षकाशी वाद घातला तर शिक्षकाचा मान जातो आणि पाहुणा गेल्यावर छडी परत येते. मुख्याध्यापकांशी एकांतात बोलावं. मुलींच्या अडचणींसाठी प्रत्येक शाळेत ‘सीनियर वूमन टीचर’ अशी एक जबाबदार शिक्षिका नेमलेली असते. पाळीमुळे होणाऱ्या गैरहजेरीपासून छळाच्या संशयापर्यंत सगळं आधी तिच्या कानावर घालावं. मूल फीसाठी किंवा वह्यांसाठी परस्पर पैसे मागतं, तेव्हा नाही म्हणणं जिवावर येतं. तरी मदत द्यायची ती शाळेच्या व्यवस्थापन समितीमार्फतच द्यावी. एकाच्या हातात नोट ठेवली की शेजारच्या नव्व्याण्णव जणांनी ती पाहिलेली असते.

शिकवायचं कसं, याबाबत मात्र महाराष्ट्रातून जाणाऱ्याची बाजू भक्कम आहे. मुंबईच्या वस्त्यांत नव्वदच्या दशकात सुरू झालेल्या ‘प्रथम’ने 2005 पासून ‘असर’ ही घरोघर जाऊन करायची वाचन-गणिताची चाचणी चालवली. तिच्यावरून स्फूर्ती घेऊन 2009 मध्ये केनिया, टांझानिया आणि युगांडात ‘उवेझो’ उभी राहिली. तिची चाचणी गावातलेच तरुण स्वयंसेवक घेतात. पुढे मुलांना इयत्तेऐवजी वाचनाच्या पातळीनुसार बसवायची ‘प्रथम’ची पद्धत झांबिया आणि बोट्स्वानातही पोचली : अक्षरवाल्यांचा एक गट, शब्दवाल्यांचा दुसरा, परिच्छेद वाचणाऱ्यांचा तिसरा. ही पद्धत जाण्याआधी इथेच एखाद्या शाळेत बसून शिकून घेता येते. कपड्यांची बॅग भरून नेण्यापेक्षा तिचा उपयोग जास्त.

आता मुदत. अमेरिकेच्या पीस कॉर्प्सचा स्वयंसेवक काही आठवडे भाषा शिकतो आणि मग दोन वर्षं राहतो. दोन आठवड्यांच्या सहली विकणाऱ्या कंपन्याही पुष्कळ आहेत, आणि त्यांत मुलांना दर पंधरवड्याला नवा चेहरा, नवी गाणी आणि तोच पहिला धडा मिळतो. एका पूर्ण सत्रापेक्षा कमी वेळ असेल तर वर्ग मागूच नये. वाचनालय लावून देणं, शिक्षकांना इंग्रजी संभाषणाचा सराव देणं, अशी संपणारी कामं घ्यावीत. परवानाही आधी काढावा, कारण पर्यटक व्हिसावर शाळेत काम करता येत नाही.

सत्रांच्या तारखा पाहूनच तिकीट काढावं. युगांडाचं शालेय वर्ष साधारण फेब्रुवारीत सुरू होतं. पहिलं सत्र मेच्या सुरुवातीला संपतं आणि दुसरं मेअखेरीस उघडतं, म्हणजे आपली उन्हाळी सुट्टी धरून गेलेल्या शिक्षकाला मेच्या मध्यावर शाळेला कुलूप दिसतं. दिवाळीच्या सुट्टीत जावं तर सातवीच्या परीक्षेची धांदल. जून-जुलै हा कामाचा काळ, पण तेव्हा महाराष्ट्रातल्या शाळा नुकत्याच सुरू झालेल्या असतात. म्हणून नोकरीतल्या शिक्षकापेक्षा जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेल्या, एकाच खोलीत दोन-दोन इयत्ता सांभाळलेल्या बाई किंवा गुरुजींना हे अधिक जमण्यासारखं आहे, आणि चौथीच्या त्या वर्गासाठी मुख्याध्यापकांना हवं असलेलं माणूसही तेच.