लाल दिवा लागल्यावर कोण येणार?

हॉस्टेलच्या वाय-फायला शिव्या घालणे हा आपल्याकडचा अभ्यासक्रमाबाहेरचा, पण सक्तीचा विषय आहे. तरी एक मान्य करा, इथे नेट गेलं तर निदान ओरडायला रेक्टर सर तरी आहेत. घरी नेट गेलं की हातात फक्त एक टोल-फ्री नंबर असतो, आणि त्यावर वाजणारं संगीत.

हे मला गेल्या पावसाळ्यात कळलं. सोमवारी सकाळी १० वाजता प्लेसमेंटचा ऑनलाईन इंटरव्ह्यू होता आणि मी घरी होतो. शुक्रवारी संध्याकाळी गल्लीत पाण्याच्या पाईपसाठी जेसीबी आला, आणि राउटरवर लाल दिवा लागला. कस्टमर केअरच्या ताई अतिशय नम्र. "सर, राउटर एकदा बंद करून चालू करा." केलं. शनिवारी दुसऱ्या ताई, तेच वाक्य. रविवारी तिसऱ्या. शेवटी बाबा वैतागून म्हणाले, "अरे, त्या पोरीला कशाला छळतोस? वायर तुटलीय. वायर जोडणारा माणूस पाहिजे."

इंटरव्ह्यू झाला तो शेजारच्या काकूंच्या हॉलमध्ये, मागे कुकरच्या शिट्ट्या. त्यांचं कनेक्शन दुसऱ्या कंपनीचं. तोच जेसीबी, त्यांचीही वायर तुटलेली. पण त्यांचा माणूस शनिवारी दुपारीच जोडून गेला होता. आणि प्लॅन आमच्या निम्म्या स्पीडचा!

आता यातलं इंजिनिअरिंग. फायबरच्या डब्यावर 'एलओएस' नावाचा दिवा असतो, म्हणजे 'लॉस ऑफ सिग्नल'. तो लाल झाला म्हणजे काचेच्या तारेतून प्रकाशच येत नाहीये. अशा वेळी राउटर शंभरदा बंद-चालू केला तरी उपयोग नाही. उलट 'पॉन'चा दिवा स्थिर हिरवा आहे आणि तरी नेट नाही, तर तुमच्या घरापर्यंतची तार शाबूत आहे. घोळ सेटिंगमध्ये, बिलात किंवा कंपनीच्या पुढच्या यंत्रणेत. तेव्हा फोनवरच्या ताई खरोखर काही करू शकतात. फोन करताना दिव्याचा रंग सांगितला तर अर्धं काम सोपं होतं.

तुटलेलं फायबर तांब्याच्या तारेसारखं पीळ देऊन, टेप गुंडाळून भागत नाही. टोकं सरळ कापून स्प्लायसिंग मशीनने वितळवून जोडावी लागतात, नाहीतर जोडावर प्रकाश वाया जातो. त्यामुळे कंपनी कितीही मोठी असो, मशीन आणि ते चालवणारा माणूस तुमच्या भागात किती जवळ आहे यावर दुरुस्तीचा वेळ ठरतो. आमच्या कंपनीचा माणूस तालुक्याच्या गावाहून यायचा, काकूंचा दोन चौक पलीकडून. जाहिरातीत हे कुठेच छापत नाहीत.

म्हणून कनेक्शन घेण्याआधी बिल्डिंगमध्ये एक फेरी मारा. "नेट कसं आहे?" असं विचारू नका, "बरं आहे" यापलीकडे उत्तर येत नाही. "शेवटचं कधी गेलं होतं आणि किती तासांनी आलं?" असं विचारा. मग लोक खुलतात, चहासुद्धा मिळतो! दुसरं, विक्रीच्या नंबरावर नव्हे, तक्रारीच्या नंबरावर रविवारी संध्याकाळी फोन लावून बघा. विक्रीवाले दोन रिंगमध्ये उचलतात, त्यावरून काही ठरवू नका.

आणखी एक प्रश्न: फायबर घरापर्यंत येतं की नुसतं बिल्डिंगपर्यंत? काही ठिकाणी फायबर गच्चीवरच्या स्विचला येतं आणि तिथून साधी लॅन केबल घरात. त्या स्विचला वीज लागते. म्हणजे घरात राउटरला छोटा यूपीएस लावला तरी बिल्डिंगची लाईट गेली की तुमचं नेटही गेलं. घरापर्यंतच्या फायबरमध्ये वाटेतला स्प्लिटर विजेशिवाय चालतो, तो फक्त प्रकाश वाटून देतो. ज्यांच्याकडे लोडशेडिंग आहे त्यांनी हे आधी विचारावं.

५जी वर चालणारं 'एअरफायबर' २०२३ पासून आलं आहे. जेसीबीची भीती नाही, पण टॉवरची रेंज तुमच्याच खिडकीत तपासून घ्या.

आमची सगळ्यात मोठी चूक मात्र वेगळीच. 'वर्षाचे भरा, दोन महिने फुकट' या मोहात १२ महिन्यांचे पैसे आधीच भरले होते, त्यामुळे चिडूनही जाणार कुठे? पहिले तीन महिने महिन्या-महिन्याने भरावेत, शक्यतो एक पावसाळा बघावा.

तक्रार केली की डॉकेट नंबर मागून घ्या. 'ट्राय'च्या २०१२ च्या नियमांप्रमाणे तो द्यावाच लागतो, आणि निवारण झालं नाही तर त्याच कंपनीच्या अपील प्राधिकरणाकडे फुकट अपील करता येतं. नंबर नसेल तर तुमची तक्रार झालीच नाही असं समजतात. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईन १९१५ आहे. टेलिकॉमच्या तक्रारी ग्राहक आयोगात नेता येतात, हे सुप्रीम कोर्टाने २०२२ मध्ये स्पष्ट केलं. अर्थात सोमवारच्या इंटरव्ह्यूला आयोग कामाला येत नाही. तिथे दोन चौक पलीकडचा माणूसच लागतो.

वर्ष संपल्यावर आम्ही काकूंची कंपनी घेतली. बाबांनी त्या माणसाचा नंबर भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलाय, दूधवाल्याच्या खाड्यांच्या शेजारी. सिलेक्शनचं विचारताय? झालं. पॅनेलमधल्या मॅडमनी पहिला प्रश्न विचारला होता, "किती शिट्ट्या झाल्या?"