विजेची गाडी आणि वाटेवरचा शेजारी

वाटेनें चालणारा मनुष्य डोळ्यांनीं जितका चालतो, तितकाच कानांनींही चालतो. बैलांच्या गळ्यांतील घुंगुरमाळा, टांग्याच्या घोड्याच्या टापा आणि पुढें पेट्रोलच्या मोटारीची घरघर, या सर्वांनीं पिढ्यान्‌पिढ्या पादचाऱ्यास मागें वळून न पाहतांच सांगितलें कीं, बाजूला हो, कोणी येत आहे. आज आपल्या रस्त्यांवर विजेच्या गाड्या व दुचाक्या झपाट्यानें वाढत आहेत, आणि त्या हा निरोप फारच हलक्या आवाजांत देतात. ह्या वाहनामुळें चालकाच्या संवयींत कोणता पालट होतो व रस्त्यावरील सुरक्षिततेवर त्याचा काय परिणाम घडतो, याचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विजेची गाडी ही अगदींच नवी वस्तु नव्हे. १८९९ सालीं कामीय जेनात्झी नांवाच्या बेल्जियन गृहस्थानें विजेच्याच गाडींतून ताशीं १०० किलोमीटरांची मर्यादा प्रथम ओलांडली होती. पुढें पेट्रोलनें तिला मागें टाकलें व आतां ती पुन्हां पुढें आली आहे. पेट्रोलच्या इंजिनांत इंधनाचे लहान लहान स्फोट सतत होत असतात व त्यांतूनच आवाज निघतो. विजेच्या मोटारींत स्फोट नाहींत. विद्युत्प्रवाह व चुंबक यांच्या बळानें चाक फिरतें. म्हणून सावकाश जातांना ती जवळजवळ मुकी असते. ताशीं सुमारें ३० किलोमीटरांच्या पुढें टायरांचा आवाजच मोठा होतो व मग दोन्ही प्रकारच्या गाड्यांत फारसा भेद उरत नाहीं. तेव्हां खरा धोका मंद वेगाच्या ठिकाणींच आहे: गल्लींत, बाजारांत, शाळेच्या फाटकापाशीं व गाडी मागें घेतांना.

हा केवळ तर्क नव्हे. लंडन येथील आरोग्य व उष्णकटिबंधीय वैद्यक विद्यालयाच्या संशोधकांनीं ब्रिटनमधील २०१३ ते २०१७ या वर्षांतील अपघातांची छाननी करून २०२४ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध केले. दर १० कोटि मैलांच्या प्रवासामागें, विजेच्या व वीज-पेट्रोल अशा दुहेरी गाड्यांमुळें ५.१६ पादचारी जायबंदी अथवा मृत झाले. पेट्रोल व डिझेलच्या गाड्यांच्या बाबतींत हा आंकडा २.४० होता. शहरांत हा फरक अधिक होता; ग्रामीण रस्त्यांवर मात्र तो आढळला नाहीं. जेथें गजबज फार, तेथें हलका आवाज बुडून जातो, हें याचें एक संभाव्य कारण होय.

ही अडचण प्रथम कोणाच्या ध्यानांत आली असेल? ज्यांस कान हेच डोळे आहेत, त्या अंध बांधवांच्या. अमेरिकेंत त्यांच्या संस्थांनीं या प्रश्नाचा पाठपुरावा केला व २०१० च्या कायद्यानें अशा गाड्यांस सूचक आवाज असावा असें ठरलें. युरोपीय संघानें १ जुलै २०१९ पासून नव्या नमुन्याच्या, व १ जुलै २०२१ पासून सर्व नव्या विजेच्या मोटारींस ताशीं २० किलोमीटरांपर्यंत आणि मागें जातांना कृत्रिम आवाज करणारें यंत्र सक्तीचें केलें. वर सांगितलेले ब्रिटिश आंकडे ह्या सक्तीच्या पूर्वींचे आहेत, हें लक्षांत ठेविलें पाहिजे. आपल्या देशांतही प्रवासी व मालवाहू विजेच्या वाहनांकरितां अशाच नियमाचा मसुदा २०२५ सालीं प्रसिद्ध झाला.

आतां चालकाकडे वळूं. इंजिनाचा चढता स्वर हा चालकाचा एक मूक शिक्षक असतो. तो त्यास सांगतो कीं, तूं फार वेगानें जात आहेस. विजेच्या गाडींत हा शिक्षकच नसतो, म्हणून वेग आहे त्याहून कमी भासण्याचा संभव असतो. दुसरें असें कीं, विजेची मोटार स्थिर स्थितींतूनच आपलें पूर्ण बळ लावूं शकते. पाय थोडा जोरानें पडला, तर गाडी बाण सुटावा तशी सुटते. नवशिक्यास हें कळेपर्यंत पुढील वाहन जवळ आलेलें असतें.

तिसरी गोष्ट थांबण्याची. ह्या गाडींत अॅक्सिलरेटरवरून पाय उचलतांच मोटार जनित्राचें काम करूं लागते. गाडीच्या गतीची पुन्हां वीज होऊन ती बॅटरींत जमा होते व गाडी मंदावते. ही युक्ति काटकसरीची खरी. परंतु ब्रेकवर पाय ठेवण्याची संवय तिनें मोडूं शकते, आणि ऐन संकटांत तर पाय ब्रेकवरच गेला पाहिजे.

असें असलें तरी या वाहनाचे चांगले धडेही पुष्कळ आहेत. बॅटरींत भरलेली वीज किती दूर पुरेल, याची चिंता चालकास संयम शिकविते. उगाच वेग वाढविणें व पुन्हां एकदम थांबणें, यांत वीज वायां जाते. दूरवर दृष्टि ठेवून हळूहळू मंदावणें, यांत ती वांचते. पुढें पाहून चालविणारा मनुष्य वीज तर वांचवितोच, पण कोणाचा जीवही वांचवितो. काटकसर व दया एकाच वाटेनें जातात, असें क्वचितच घडतें. येथें तें घडतें.

बॅटरीच्या वजनाचाही विचार केला पाहिजे. विज्ञानाच्या वर्गांत आपण शिकतों कीं, वस्तूचें वजन दुप्पट झालें तर तिची गतिज ऊर्जा दुप्पट होते, आणि वेग दुप्पट झाला तर ती चौपट होते. मोटारीची बॅटरी शेंकडों किलो वजनाची असते. म्हणजे धडक बसल्यास समोरच्याचें नुकसान अधिक. वजन चालकाच्या हातीं नाहीं. वेग आहे, आणि चौपटीचा हिशेब वेगाचाच आहे.

पालकांस एक विनंति. ताशीं २५ किलोमीटरांहून कमी वेगाच्या व पाव किलोवॉटहून कमी शक्तीच्या विजेच्या दुचाकीस परवाना लागत नाहीं; पण ही सवलत त्याहून वेगवान दुचाक्यांस नाहीं. "आवाज करीत नाहीं, म्हणजे खेळण्यासारखीच आहे," असें म्हणून तशी गाडी मुलाच्या हातीं देणारे पालक आम्हीं पाहिले आहेत. २०१९ च्या दुरुस्त कायद्याप्रमाणें, अल्पवयी मुलानें परवान्याखेरीज असें वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक अथवा वाहनाचा मालक यास तीन वर्षांपर्यंत कैद व २५,००० रुपये दंड होऊं शकतो. परंतु दंडाच्या भयापेक्षां मुलाच्या प्राणाचें मोल मोठें आहे, हें आम्हीं सांगावयास नको.

आणि विद्यार्थिमित्रांनो, रस्ता ओलांडतांना कानांवर विसंबूं नका. कानांत गाण्याचीं यंत्रें घालून तर मुळींच चालूं नका. उजवीकडे, डावीकडे व पुन्हां उजवीकडे पाहा. वाटेंत पांढरी काठी घेतलेला कोणी दिसल्यास त्याला विचारून त्याचा हात धरा. पुढें तुम्ही स्वतः अशी गाडी चालवाल, तेव्हां आपण येत आहों हें दुसऱ्यास कळलेलें नाहीं, असेंच समजून चालवा.

माझा शेजारी कोण, ह्या प्रश्नाचें उत्तर प्रभु येशूनें एका रस्त्यावरील गोष्टीनेंच दिलें. यरुशलेमाहून यरीहोस जाणाऱ्या त्या वाटेवर दोघे जण पाहूनही पुढें निघून गेले. एक मात्र थांबला. गाडी पेट्रोलची असो वा विजेची, तिला थांबविणारें खरें यंत्र चालकाच्या अंतःकरणांतच असतें. तें नेहमीं जागें असावें, एवढीच आमची प्रार्थना आहे.