सही कर्जदाराची, प्रतही कर्जदाराची

घुग्घुस परिसरात वेस्टर्न कोलफिल्ड्सच्या खाणी, सिमेंटनगरचा कारखाना आणि लोहउद्योग यांच्या आधाराने जगणारे ट्रकमालक, कंत्राटी कामगार, किराणा दुकानदार आणि बचत गटांतील महिला यांचा कर्जाशी कधी ना कधी संबंध येतोच, आणि या सर्व थरांत एक समजूत घट्ट रुजलेली आहे. कर्जाचा करारनामा हा कर्ज देणाऱ्याचा कागद असतो, कर्जदाराने दाखवलेल्या जागी सह्या कराव्यात, आणि प्रत हवीच असेल तर ती कर्ज पूर्ण फिटल्यावर साहेबांची मर्जी असली तर मिळते, असे ही समजूत सांगते. सुशिक्षित नोकरदारही ती बिनदिक्कत इतरांना ऐकवतात आणि शाखेतील कर्मचारी तिचा इन्कार करत नाहीत, म्हणून ती पिढ्यानपिढ्या टिकून राहते. वस्तुस्थिती याच्या नेमकी उलट आहे.

भारतीय रिझर्व्ह बँकेने ५ मे २००३ रोजी कर्ज देणाऱ्या बँकांसाठी न्याय्य व्यवहार संहिता, म्हणजे कर्जदाराशी कसे वागावे याचे किमान नियम, जारी केली. त्यानंतरही अनेक कर्जदारांना आपण कोणत्या अटी मान्य केल्या हेच ठाऊक नसते असे दिसून आल्यावर २२ ऑगस्ट २००७ च्या परिपत्रकाने बँकांना स्पष्ट निर्देश दिला, की कर्ज मंजूर करताना किंवा रक्कम देताना प्रत्येक कर्जदाराला करारनाम्याची प्रत आणि करारनाम्यात उल्लेखलेल्या प्रत्येक सहपत्राची प्रत दिलीच पाहिजे. प्रत न देणे ही अनुचित प्रथा आहे, असेही त्या परिपत्रकात नमूद होते. बिगर-बँकिंग वित्तीय कंपन्यांना, म्हणजे बोलीभाषेतील ‘फायनान्सवाल्यां’ना, हेच बंधन त्यांच्या स्वतंत्र संहितेने घातले आणि प्रत शक्यतो कर्जदाराला समजणाऱ्या भाषेत असावी असेही सांगितले. ही परिपत्रके पुढे एकत्रित निर्देशांत सामावली गेली, तरी बंधनाचा आशय तोच राहिला. येथे सहपत्रांचा उल्लेख फार महत्त्वाचा आहे, कारण मुख्य करारनाम्यात अनेकदा ‘व्याज व आकार परिशिष्टाप्रमाणे’ एवढेच लिहिलेले असते आणि खरा दर, दंडाची रक्कम व तारणाचे वर्णन त्या परिशिष्टातच सापडते. म्हणजे परिशिष्टाविना दिलेली प्रत ही अर्धवटच प्रत होय.

मग ‘कर्ज फिटल्यावर कागद मिळतात’ ही कल्पना आली कोठून? तिचा उगम दोन भिन्न गोष्टींच्या सरमिसळीत आहे. घर किंवा जागा तारण ठेवताना कर्जदार खरेदीखतासारखे आपले मूळ दस्तऐवज बँकेच्या हवाली करतो आणि ते साहजिकच परतफेडीनंतर परत मिळतात. रिझर्व्ह बँकेच्या १३ सप्टेंबर २०२३ च्या परिपत्रकानुसार पूर्ण परतफेडीनंतर ३० दिवसांत ते परत करणे बंधनकारक असून, बँकेच्या दोषामुळे उशीर झाल्यास प्रतिदिन ५,००० रुपये भरपाई द्यावी लागते. ही मूळ मालमत्तापत्रांची गोष्ट आहे, करारनाम्याच्या प्रतीची नव्हे. मालमत्तापत्रे शेवटी परत येतात आणि करारनाम्याची प्रत सुरुवातीला हाती पडते, हा साधा भेद इतकी वर्षे कोणी समजावून सांगू नये, ही खरोखर संतापजनक बाब आहे. कारण हप्ता थकला, दंड लागला, गाडी अडवली गेली, या सर्व प्रसंगी प्रतीची गरज कर्ज चालू असतानाच पडते. कर्ज फिटल्यावर तिचा उपयोग तो किती?

कोळसा वाहणाऱ्या ट्रकचे उदाहरण घेतले तर हे अधिक स्पष्ट होते. असे वाहन नजरगहाण असते, म्हणजे ताबा मालकाकडे राहतो पण कर्ज देणाऱ्याचा हक्क त्यावर नोंदलेला असतो. रिझर्व्ह बँकेच्या संहितेनुसार वित्तीय कंपनीला वाहन ताब्यात घ्यायचे असेल तर तशी कायदेशीर अट करारनाम्यातच असावी लागते. ताब्यापूर्वी किती दिवसांची नोटीस, ती कोणत्या परिस्थितीत टाळता येईल, ताबा कसा घ्यावा, विक्रीपूर्वी परतफेडीची शेवटची संधी कशी द्यावी, वाहन परत कसे सोपवावे आणि लिलाव कसा व्हावा, हे सर्व त्यात नोंदवावे लागते, आणि या अटींची प्रत कर्जदाराला द्यावी लागते. ताडाळीच्या किंवा वणीच्या रस्त्यावर गाडी अडवणाऱ्या वसुलीदाराला ‘नोटीस कोठे आहे’ असे विचारायचे, तर नोटिशीची अट आधी मालकाला माहीत हवी. ज्याच्याजवळ प्रतच नाही त्याने भांडावे तरी कशाच्या आधारावर?

भाषेचा प्रश्न या भागात वेगळाच आहे. नियमात ‘राज्यभाषा’ असा शब्द नाही, ‘कर्जदाराला समजणारी भाषा’ असा आहे. घुग्घुसमध्ये तेलुगू आणि हिंदी बोलणारी कामगार कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात, तर गडचिरोलीत गोंडी आणि माडिया बोलणारे कर्जदार आहेत, त्यामुळे इंग्रजी छापील गठ्ठा पुढे करून जबाबदारी संपत नाही. वार्षिक ३ लाख रुपयांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना विनातारण दिल्या जाणाऱ्या सूक्ष्मकर्जांसाठी १ एप्रिल २०२२ पासून लागू झालेले नियम याबाबत आणखी ठाम आहेत: करारनामा समजणाऱ्या भाषेत असावा आणि प्रत्येक कर्जदाराला कर्जकार्ड मिळावे, ज्यावर अटी, भरलेल्या हप्त्यांची पोच आणि तक्रार कोठे करावी याची माहिती असते. हे कार्ड कर्ज घेणाऱ्या महिलेचे असते, ते गटप्रमुखाच्या कपाटात राहावे असे कोणताही नियम सांगत नाही.

१ ऑक्टोबर २०२४ पासून किरकोळ कर्जे आणि सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योगांच्या मुदतकर्जांसाठी प्रमुख तथ्य विवरणपत्र सक्तीचे झाले असून जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँकाही त्यातून सुटलेल्या नाहीत. करारापूर्वी द्यावयाच्या या विवरणपत्रात व्याजासह सर्व आकार धरून येणारा वार्षिक दर आणि हप्त्यांचे वेळापत्रक असते, ते कर्जदाराला समजावून सांगावे लागते, सात दिवस वा अधिक मुदतीच्या कर्जासाठी ते पाहून विचार करण्यास किमान तीन कामकाजाचे दिवस मिळतात, आणि त्यात न दाखवलेला आकार कर्जदाराच्या स्पष्ट संमतीविना लावता येत नाही.

रिझर्व्ह बँकेच्या कक्षेबाहेरील पतसंस्थांबाबतही कर्जदार निराधार नाही. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ३२ नुसार सभासदाला स्वतःच्या व्यवहारांच्या नोंदी पाहता येतात आणि लेखी मागणी व विहित शुल्कानंतर एका महिन्यात त्यांची नक्कल मिळते. पतसंस्था न्यायालयात न जाता कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळवू शकते, हे लक्षात घेतले तर या हक्काचे मोल कळते. परवानाधारक सावकारावरही २०१४ च्या महाराष्ट्र सावकारी अधिनियमाने कर्जाचे लेखी विवरण देण्याचे बंधन घातले आहे.

अलीकडे याच्या विरुद्ध टोकाचा एक गैरसमज मोबाईलवरील चित्रफितींतून पसरत आहे: प्रत दिली नाही म्हणजे कर्जच माफ. हा सल्ला निव्वळ घातक आहे. ब्रिटनच्या १९७४ च्या ग्राहक पत कायद्यात मागणी करूनही प्रत न दिल्यास ती देईपर्यंत वसुलीची अंमलबजावणी थांबते, आणि तेथेही कर्ज नष्ट होत नाही. भारतात तर तशी तरतूदही नाही. येथे प्रत न देणे हा नियमभंग आहे, त्याची तक्रार होते, भरपाई मागता येते, पण घेतलेली रक्कम देय राहतेच आणि हप्ता थांबवणाऱ्याचे खाते थकीत होऊन पतनोंद बिघडते.

बाकीचे गैरसमज थोडक्यात निकाली निघतात. ओटीपी देऊन घेतलेले डिजिटल कर्ज कराराविना नसते, आणि त्याचे स्वाक्षरित दस्तऐवज ईमेल किंवा संदेशाद्वारे आपोआप कर्जदाराकडे आले पाहिजेत. स्वतःच्या कर्जाची प्रत मिळवण्यास माहिती अधिकाराचा अर्ज लागत नाही. मार्चअखेरीस ‘नवं-जुनं’ करताना, म्हणजे जुने कर्ज मिटवून नवे काढताना, घेतलेल्या सह्या केवळ औपचारिक नसतात, त्यातून नवी कागदपत्रे तयार होतात आणि त्यांचीही प्रत मागावी. जामीनदार नाममात्र नसतो. भारतीय करार अधिनियमाच्या कलम १२८ नुसार, करारात वेगळे ठरले नसेल तर, त्याची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते.

प्रत मिळाली नसेल तर कर्जखात्याचा क्रमांक लिहून करारनामा व सर्व सहपत्रांची लेखी मागणी करावी आणि अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यासह पोच घ्यावी. ‘फाईल हेड ऑफिसला आहे’ हे उत्तर पुरेसे नाही, कारण फाईल कोठे ठेवावी हा कर्ज देणाऱ्याचा अंतर्गत प्रश्न आहे. हरवलेली प्रत पुन्हा हवी असल्यास जाहीर दरपत्रकानुसार शुल्क लागू शकते. बँक किंवा वित्तीय कंपनीकडे लेखी तक्रार करून ३० दिवसांत समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे विनाशुल्क तक्रार करता येते आणि ग्राहक आयोगाचा मार्गही खुला असतो. मात्र सह्यांच्या गठ्ठ्यातच बहुधा ‘करारनाम्याची प्रत मिळाली’ अशी एक छापील ओळ असते, आणि तिच्याखाली आधीच सही केलेली असेल तर पुढची तक्रार कमकुवत होते. प्रत प्रत्यक्ष हाती येईपर्यंत त्या ओळीखाली कर्जदाराने सही करू नये.