साडेतीन हातांचा देह : आयुर्वेदातील शरीराची मापे

उंची-वजनाच्या नोंदीचा दिवस आला की आमच्या नवी मुंबईतल्या वर्गात एकच गोंधळ होतो. कुणी ‘काडी’, कुणी ‘ढोल्या’. एखादं मूल मुद्दाम रांगेत शेवटी थांबतं. म्हणून यंदा नोंद झाल्यावर मी प्रत्येकाला एक दोरा दिला.

माप कुणाचे?
आपण ‘साडेतीन हातांचा देह’ म्हणतो. हे हात कुणाचे? ज्याचे त्याचे! कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत एक हात. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात शरीर स्वतःच्या साडेतीन हातांचे सांगितले आहे. एका हाताची २४ अंगुळे, म्हणजे २४ × ३.५ = ८४. चरकसंहितेच्या विमानस्थानातही उंची ८४ अंगुळेच आहे आणि दोन्ही हात पसरल्यावरची लांबीही तेवढीच. अंगुळ म्हणजे स्वतःच्या बोटाची रुंदी. चरकात पाऊल १४ अंगुळे लांब, तर गुडघा ४ अंगुळे लांब आणि १६ अंगुळे घेराचा दिला आहे.

सांधे किती?
सुश्रुतसंहितेत २१० सांधे मोजले आहेत : हातापायांत ६८, धडात ५९ आणि मानेपासून वर ८३. वर इतके कसे? कारण दातांच्या मुळांचीही गणती सांध्यांत केली आहे. सांध्यांचे प्रकार आठ. गुडघा, कोपर, मनगट, बोटे यांचा तो ‘कोर’, बिजागरीसारखा. खांद्याचा ‘उलूखल’, म्हणजे आपलं उखळच!

प्रकृती आणि सांधे
चरकात प्रकृती सांगतानाही सांधे येतात. वातप्रकृतीचा माणूस सडपातळ, हालचाल करताना त्याचे सांधे वाजतात. पित्तप्रकृतीत सांधे मऊ, सैल. कफप्रकृतीत सांधे भरीव, घट्ट बांधलेले. एकाच माणसात दोन दोषांची लक्षणंही एकत्र दिसतात.

आमचा दोरा काय म्हणाला?
दोऱ्याने आधी आपला हात मोजायचा, मग उंची. वर्गातल्या सर्वांत उंच मुलाचं आणि सर्वांत बुटक्या मुलीचं उत्तर जवळपास सारखंच आलं! दोघांचंही साडेतीनपेक्षा थोडं जास्त. शेवटी थांबलेल्या त्या मुलीने दोरा दप्तरात जपून ठेवला.

लक्षात ठेवा, हा दोरा म्हणजे तपासणी नव्हे. वाढीची नोंद सेंटिमीटर-किलोतच करायची आणि सांधा दुखला-सुजला तर डॉक्टरांनाच दाखवायचं. पण शेजाऱ्याच्या हाताने आपली उंची मोजायची नाही, एवढं मात्र या जुन्या मापातून नक्की शिकता येतं.

स्वाध्याय : घरातल्या मोठ्या माणसांची उंची त्यांच्याच हाताने मोजा. कुणाचं माप साडेतीनच्या सर्वांत जवळ आलं, ते वहीत लिहा.