पंपाचे तापमानानुसारी गतिनियंत्रण
उष्ण पाण्याच्या अभिसरणावर चालणाऱ्या तापनयंत्रणेत गरजेपुरतेच पाणी फिरावे म्हणून तापमान मोजून पंपाची गती कमीजास्त करण्याची पद्धती. पाण्याने दर सेकंदास वाहून नेलेली उष्णता ही वाहणारे वस्तुमान, विशिष्ट उष्णता आणि जाणाऱ्या व परतणाऱ्या पाण्याच्या तापमानांतील फरक यांच्या गुणाकाराइतकी असते. म्हणून एकच तापमान मोजणे सहसा पुरत नाही. दोन्ही नळांवर संवेदक बसवितात. फरक ठरीव मूल्याहून कमी झाला, तर पाणी उष्णता न देताच परतत आहे असे ठरून नियंत्रक गती घटवितो. फरक वाढल्यास ती वाढवितो.

संवेदक म्हणून प्लॅटिनमाची तार (०° से. ला १०० ओहम, १००° से. ला सु. १३८·५ ओहम रोध) किंवा थर्मिस्टर वापरतात. नियंत्रक प्रत्यावर्ती प्रवाहाची कंप्रता (दर सेकंदास होणाऱ्या आवर्तनांची संख्या) बदलून चलित्राची गती बदलतो. झडप आवळूनही प्रवाह कमी होतो, पण त्यात शक्ती वाया जाते. उलट, बंद मंडलात लागणारी शक्ती गतीच्या घनाच्या प्रमाणात घटते. गती ८०% केल्यास ती सु. ५१% च लागते. पाणी फिरून येण्यास वेळ लागत असल्याने नियंत्रक मंदगती ठेवावा लागतो, अन्यथा गती सतत खालीवर होत राहते.

डहाणू व तलासरी तालुक्यांत घरे तापवावी लागत नाहीत. मात्र डहाणू खाडीकाठच्या औष्णिक विद्युत् केंद्रात (१९९५, प्रत्येकी २५० मेवॉ. चे दोन संच) हेच गणित शीतनास लागू पडते. एका संचाच्या संघनकातून सु. ३०० मेवॉ. उष्णता खाडीच्या पाण्यास मिळते असे धरल्यास, फरक १०° से. ठेवण्यास दर सेकंदास सु. ७·५ टन व ७° से. ठेवण्यास सु. १०·७ टन पाणी लागते. समुद्राचे पाणी वापरणाऱ्या केंद्रांसाठी भारतातील सर्वसाधारण मर्यादा याच दोन आहेत : जून १९९९ पूर्वीच्या केंद्रांना पहिली, नंतरच्यांना दुसरी. म्हणजे प्रवाह घटविल्यास वीज वाचेल. पण खाडीत जाणारे पाणी अधिक तापेल, आणि तापलेल्या पाण्यात मासळीस लागणारा प्राणवायू कमी विरघळतो. डहाणू तालुका १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक क्षेत्र म्हणून घोषित झाला असल्याने येथे ही बाब गौण नाही. शिवाय सोडलेले पाणी ओहोटीत पुन्हा अंतर्ग्रहणाकडे आले, तर दोन्ही तापमाने चढतात व फरक तेवढाच राहतो. असे झाल्याचे संघनकावरील संवेदकांच्या फरकावरून कळत नाही. त्यासाठी मोकळ्या खाडीत स्वतंत्र संवेदक असावा लागतो.